खुबा दुखतो, झोप लागत नाही? सोसू नका, सांगा

वर्षावास सुरू झाला की आपल्या वाडीवाडीतल्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने हा क्रम चालतो. या वाचनाला सर्वांत नियमित कोण येत असेल, तर आपल्या वयस्कर उपासिका. पांढरी साडी नेसून त्या पुढच्या रांगेत बसतात. त्यांच्याकडे एकदा नीट बघा. अर्ध्या तासात त्या मांडी मोडून पाय पुढे घेतात, मग एका बाजूला कलतात, मग दुसऱ्या बाजूला. वाचन संपून उठायची वेळ आली की एक हात भिंतीला आणि एक हात शेजारणीच्या खांद्याला. विचारले तर म्हणतात, “काय नाय गो, वय झाला आता.”

रात्री घरी काय होते ते त्या सांगत नाहीत. चटईवर अंग टाकले की तासाभरात खुबा ठणकू लागतो. कूस बदलली की थोडा वेळ बरे वाटते, मग तीही बाजू दुखते. पहाटे दोन-तीन वाजल्यापासून भिंतीला टेकून बसायचे आणि उजाडायची वाट बघायची. सकाळी सून विचारते, “आई, झोप झाली का?” तर उत्तर येते, “झाली.” पुरुषांचेही असेच. जन्मभर चिरेखाणीत, बागेत, बंदरावर किंवा मुंबईच्या गिरणीत राबलेला माणूस रात्री खुबा दाबत बसतो, पण घरात बोलत नाही.

या महिन्याच्या आरोग्य पानावर या दुखण्याविषयी बोलू. उतारवयात रात्री खुबा दुखणे ही सर्रास आढळणारी तक्रार आहे आणि बहुतेकांचे दुखणे बरेच कमी करता येते. त्यासाठी आधी ते कुणाला तरी सांगावे लागते.

तथागतांनी आणि बाबासाहेबांनी दुखणे लपवले नाही

दुखणे सोसून गप्प राहणे म्हणजे मोठेपणा, असे आपल्याकडे मानतात. पण आपल्या शास्त्याचे उदाहरण वेगळे आहे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले तेव्हाची हकीकत मज्झिम निकायात आहे. भगवंतांनी रात्री उशिरापर्यंत धम्मोपदेश केला. मग पाठ दुखते आहे असे सर्वांसमोर सांगून पुढचा उपदेश त्यांनी आनंदाकडे सोपवला आणि स्वतः चीवराची घडी अंथरून उजव्या कुशीवर पहुडले. वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी आपल्या शरीराची तुलना दोरखंडाने बांधून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाडीशी केली होती. दुखते हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

बोधिसत्त्व बाबासाहेबांचेही तसेच. त्यांना मधुमेह होता. १९४८ च्या सुरुवातीला पायांच्या नसांच्या वेदनांनी त्यांना रात्र-रात्र झोप लागत नव्हती. त्यांनी डॉक्टरांकडून उपचार घेतले. त्याच वर्षी १५ एप्रिलला त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेबांशी झाला. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्या पथ्यपाण्याकडे जातीने लक्ष देत. दिल्लीत नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपून देत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना धम्मदीक्षा देताना बाबासाहेब हातात काठी घेऊन उभे होते. काठीची त्यांना लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

बाबासाहेबांच्या उदाहरणात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. त्यांचे दुखणे नसांचे होते, सांध्याचे नव्हे. पाय दुखतो, झोप लागत नाही, एवढ्यावरून कारण कळत नाही. कारण वेगळे असेल तर उपायही वेगळा असतो. म्हणून पहिले काम म्हणजे दुखते कुठे हे नेमके ओळखणे.

दुखते त्या जागेवर हात ठेवा

आपल्याकडे कमरेपासून मांडीपर्यंत कुठेही दुखले तरी ‘खुबा दुखतो’ म्हणतात. खुब्याचा खरा सांधा मात्र आत खोल, जांघेच्या मागे असतो. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसलेला असतो. उभे राहून दुखऱ्या जागेवर तळहात ठेवा आणि पुढचे चार प्रकार पडताळून पाहा.

पहिला प्रकार : हात बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाचा उंचवटा लागतो तिथे जातो. त्या कुशीवर झोपले की दुखते, पायऱ्या चढताना दुखते, एका पायावर उभे राहून परकर किंवा पँट घालताना दुखते. अशा वेळी बहुधा दुखणे सांध्यात नसते. ढुंगणाच्या स्नायूंचे दोर त्या उंचवट्यावर येऊन चिकटतात, ते दुखावलेले असतात. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांत हे फार आढळते. यात एक्स-रे साधारण ठीक येतो, म्हणून ‘काही नाही’ असे ऐकून माणूस परत येतो. पण दुखणे खरे असते.

दुसरा प्रकार : हात जांघेत जातो. कधी कळ मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत येते. सकाळी उठल्यावर सांधा थोडा वेळ आखडलेला असतो. पायाची नखे काढता येत नाहीत, उकिडवे बसता येत नाही, एसटीची पायरी चढताना पाय हाताने उचलावा लागतो. ही सांध्याची झीज असू शकते.

तिसरा प्रकार : हात ढुंगणाच्या मागे जातो, कळ मांडीच्या मागून गुडघ्याखाली उतरते, मुंग्या येतात. हे बहुधा कमरेच्या मणक्यातून येते.

चौथा प्रकार : दोन्ही तळपायांची आग होते, सुया टोचल्यासारखे वाटते, रात्री वाढते. इथे रक्तातली साखर तपासलीच पाहिजे.

कधी दोन प्रकार एकत्रही असतात. शेवटचा निर्णय डॉक्टरांचा, पण जागा नेमकी सांगितली की त्यांचे काम सोपे होते.

रात्रीच का ठणकते?

दिवसा आपण चालतो, वळतो, कामात मन असते. रात्री बाहेरच्या बाजूचे दुखावलेले दोर हाड आणि जमीन यांच्यामध्ये दाबले जातात. आपल्याकडे बहुतेकजण फरशीवर किंवा कोब्यावर पातळ चटई टाकून झोपतात, त्यामुळे दाब आणखी वाढतो. मग माणूस चांगल्या कुशीवर वळतो. तेव्हा वरचा, म्हणजे दुखरा पाय पुढे घसरून खाली पडतो आणि तेच दोर ताणले जातात. म्हणून दोन्ही कुशींवर चैन पडत नाही. झिजलेला सांधा हालचाल थांबली की आखडतो. त्यात झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे जास्त जाणवते, आणि दुखणे वाढले की पुन्हा झोप मोडते.

पावसाळ्यात खुबा जास्त दुखतो असे अनेकजण सांगतात. दमट हवेला आपण दोष देतो. पण आठवून बघा, त्याच दिवसांत लावणी असते. वर्षभर न केलेले काम चार-आठ दिवसांत करायचे, दिवसभर चिखलात वाकायचे, ओझे घेऊन बांधावरून चालायचे. थकलेल्या दोरांवर एकदम एवढा ताण आला की ते रात्री बोलणारच.

झोपायची पद्धत बदला

याला पैसे लागत नाहीत आणि आज रात्रीच करून पाहता येते.

जमिनीवर झोपत असाल तर चटईवर दोन-तीन गोधड्या किंवा वाकळी घडी करून घाला. अंथरूण फार कडक नको, तसे झोळीसारखी खाली गेलेली नायलॉन पट्टीची खाटही नको. जमिनीवरून उठणे जड जात असेल तर गुडघ्याएवढ्या उंचीचा पलंग किंवा बाकडे चांगले.

न दुखणाऱ्या कुशीवर झोपा आणि दोन्ही पायांच्या मध्ये जाड उशी घ्या. ती फक्त गुडघ्यांत नको, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाहिजे. वरचा पाय कमरेच्या पातळीत राहिला, खाली पडला नाही, म्हणजे उशी पुरेशी जाड आहे. वेगळी उशी नसेल तर अभ्र्यात जुन्या साड्या भरून शिवून घ्या. पाठीमागेही एक गुंडाळी ठेवली की झोपेत दुखऱ्या बाजूला वळण होत नाही.

पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली उशी ठेवा. दोन्ही खुबे दुखत असतील तर हीच पद्धत बरी.

कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून, मधली उशी धरूनच वळा. उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर या, पाय खाली सोडा आणि हाताने रेटून बसा.

अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे. त्यात भगवंत उजव्या कुशीवर पहुडलेले आहेत. ते पाहून काही श्रद्धाळू मंडळी उजव्या कुशीवरच झोपायचा आग्रह धरतात. ज्यांचा उजवा खुबा दुखतो त्यांनी डाव्या कुशीवर झोपावे. भगवंतांनी स्वतःच्या दुखऱ्या पाठीला आराम दिला, तसा आपण आपल्या खुब्याला द्यावा.

झोपण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेतल्यास बरे वाटते. पिशवी टॉवेलात गुंडाळा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर तिथे शेक नको, भाजलेले कळत नाही. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण दुखऱ्या उंचवट्यावर जोराने रगडू नका किंवा त्यावर कुणाला पाय देऊन उभे करू नका.

सूर्य मावळल्यावर चहा टाळा. रात्री झोपताना मशेरी लावायची सवय अनेकींना आहे. तंबाखूने झोप उडते, त्यामुळे ती सवय सोडण्याचे हे आणखी एक कारण. ‘थोडी घेतली की झोप लागते’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की दारूची झोप मध्यरात्री मोडते आणि अंधारात तोल जाऊन हाड मोडण्याचा धोका वाढतो.

तरीही जाग आलीच तर? संयुक्त निकायात दोन बाणांचा उपदेश आहे. अंगाला होणारी वेदना हा पहिला बाण. ‘आता झोप नाहीच, उद्या काय होणार, माझ्याच नशिबी का’ ही मनाची तडफड हा दुसरा बाण, आणि तो आपणच स्वतःला मारून घेतो. जाग आली की उशी नीट करा, कूस बदला आणि आनापानसतीत श्वासाकडे लक्ष ठेवा. दुसरा बाण टळला की पहिल्याची धार कमी होते. पण हे उपचारांच्या जोडीला आहे, उपचारांऐवजी नव्हे.

दिवसाची बैठक, ओझे आणि पाखाडी

रात्रीचे दुखणे पुष्कळदा दिवसा तयार होते.

मांडी घालून तासन्‌तास बसणे आणि पायावर पाय टाकून बसणे दोन्ही टाळा. विहारात ज्येष्ठांसाठी भिंतीकडेला चार-पाच खुर्च्या ठेवाव्यात, अशी विहार कमिट्यांना विनंती आहे. खुर्चीवर बसून वंदना घेतल्याने आदर कमी होत नाही. घरी भाजी निवडणे, मासे साफ करणे, काजू सोलणे ही कामे उंच पाटावर किंवा स्टुलावर बसून करा. अर्ध्या तासाने उठून चार पावले टाका. उभे राहताना एका पायावर भार देऊन खुबा बाहेर काढून उभे राहू नका, दोन्ही पायांवर सारखा भार द्या.

चालताना प्रत्येक पावलाला खुब्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. डोक्यावर पंधरा लिटरचा हंडा असेल तर तो भार आणखी वाढतो. एका हंड्याऐवजी दोन छोट्या कळशांच्या खेपा करा, किंवा हे काम घरातल्या तरुणांकडे द्या. याच हिशेबाने अंगाचे वजन जास्त असेल तर ते दोन-चार किलो उतरले तरी सांध्याला फरक पडतो.

आपल्या बौद्धवाड्या बहुतेक चढ-उतारावर. पाखाडीशिवाय घर नाही. तिथे एक नियम पाठ करा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि काठी दुखऱ्या बाजूला नको, उलट्या हातात धरा. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. उजव्या पायावर भार येतो त्याच वेळी डावीकडची काठी टेकली की खुब्याचे ओझे हलके होते. काठीची उंची अशी हवी की सरळ उभे राहून हात सोडल्यावर काठीचे टोक मनगटाच्या रेषेला यावे. खाली रबरी बूच लावलेच पाहिजे, पावसात शेवाळलेल्या चिऱ्यावरून काठी सटकते.

तीन महिन्यांचा व्यायामाचा संकल्प

दुखते म्हणून पडून राहिले की स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते. दुखत असताना पूर्वीसारखे राबले तरी वाढते. भगवंतांचा मध्यम मार्ग इथेही उपयोगी पडतो : रोज थोडा, नियमाने व्यायाम.

याला आधार आहे. बाहेरच्या बाजूच्या खुबेदुखीवर ऑस्ट्रेलियात २०४ लोकांवर झालेला अभ्यास २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला व्यायाम आणि बसण्या-झोपण्याच्या योग्य पद्धती शिकवल्या, दुसऱ्याला स्टेरॉइडचे एक इंजेक्शन दिले, तिसऱ्याला फक्त वाट पाहायला सांगितले. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातल्या सुमारे ७७ टक्के लोकांना चांगला फरक वाटला, इंजेक्शनवाल्यांत सुमारे ५८ टक्के आणि वाट पाहणाऱ्यांत सुमारे २९ टक्के. वर्षानंतरही व्यायामाचा गटच पुढे होता.

घरी करता येतील असे चार व्यायाम :

१. पुलासारखा व्यायाम : पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, पाय जमिनीवर. ढुंगण हळूहळू वर उचला, पाच अंक मोजा, खाली आणा.

२. खुर्चीतून उठणे : भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हाताचा आधार न घेता, जमत नसेल तर आधार घेऊन, उठा आणि सावकाश बसा.

३. पाय बाहेर रेटणे : पाठीवर झोपून दोन्ही गुडघ्यांभोवती ओढणी सैलसर बांधा. गुडघे हळूच बाहेर रेटा, ओढणीने अडतील. दहा अंक मोजून सैल सोडा.

४. जागच्या जागी पाऊल उचलणे : ओट्याला किंवा खिडकीच्या गजांना धरून उभे राहा, एक-एक पाय थोडा उचला. कंबर एका बाजूला कलू देऊ नका.

प्रत्येक व्यायाम पाच वेळा करून सुरुवात करा, मग दहावर जा. दिवसातून दोनदा. करताना थोडा ताण जाणवला तरी चालेल. पण त्या रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी निम्माच करा. दुखरा पाय छातीवर आडवा ओढून ताणण्याचा व्यायाम काहीजण सांगतात, बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात तो करू नका. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. आपल्याकडे वर्षावासाचे तीन महिने आहेतच. ग्रंथवाचनाला बसण्याआधी दहा मिनिटे विहारातच सर्वांनी मिळून व्यायाम केला तर एकट्याने करण्यापेक्षा तो टिकेल.

पुड्या आणि गोळ्यांपासून सांभाळा

बाजारात, एसटी स्टँडबाहेर, ओळखीतून ‘संधिवाताच्या पुड्या’ मिळतात. नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत. दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. काही महिने घेतल्यावर चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. स्टेरॉइडने खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरूही शकते. म्हणजे ज्या खुब्यासाठी पुडी घेतली तोच खुबा कायमचा जातो. अतिरेकी दारूनेही हेच होते. कुणी अशी पुडी बरेच दिवस घेत असेल तर ती एकदम बंदही करू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू सोडवतील.

मेडिकलमधून विचारून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेणेही धोक्याचे. पोटात जखम, मूत्रपिंडाला इजा, रक्तदाब वाढणे हे त्यांचे दुष्परिणाम, आणि साठीनंतर ते जास्त होतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. झोपेच्या गोळ्यांचेही तसेच. त्या घेऊन रात्री उठले की तोल जातो.

रात्री उठताना पडू नका

म्हातारपणी खुब्याचे हाड मोडते ते बहुतेक वेळा साध्या पडण्याने. अनेक घरांत संडास बाहेर, वाटेत पायरी, वर पाऊस. उपाय सोपे आहेत : उशाशी टॉर्च, वाटेत रात्रभर जळणारा लहान दिवा, पायात घट्ट बसणारी चप्पल, दाराशी आणि संडासात धरायला लोखंडी दांडा. उकिडवे बसता येत नसेल तर भोक असलेली कमोड खुर्ची घ्या. पावसाच्या रात्री अंथरुणाजवळ झाकणाचे भांडे ठेवायला संकोच नको.

पडल्यावर उभे राहता येत नसेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर चोळू नका, ओढू नका, हाडवैद्याकडे नेऊन दिवस घालवू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. या मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितका माणूस पुन्हा चालण्याची आशा जास्त. अंथरुणाला खिळला की पाठीला जखमा आणि छातीत कफ होऊन जीव जाऊ शकतो.

दवाखान्यात कधी जायचे?

पुढीलपैकी काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका :
– कशाही कुशीवर झोपले तरी न थांबणारे, रोज वाढणारे दुखणे
– सोबत ताप, वजन घटणे, संध्याकाळी अंग तापणे (खुब्याला क्षयरोगही होतो)
– पूर्वी कर्करोग झालेला असणे
– पायातली शक्ती जाणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, मांड्यांमध्ये बधिरपणा
– एकाच पायाची पोटरी अचानक सुजणे

यांपैकी ताबा जाणे, अचानक शक्ती जाणे किंवा पोटरी सुजणे असेल तर त्याच दिवशी जा. बाकीच्यांनी घरच्या उपायांनी सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर दाखवावे. आधी आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुढच्या तपासणीसाठी खेडला कळंबणी, चिपळूणला कामथे आणि दापोली इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत आणि रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय. हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आधी विचारून निघा, म्हणजे भाडे फुकट जात नाही.

डॉक्टरांसमोर ‘अंग दुखतंय’ एवढेच म्हणू नका. दुखते तिथे हात ठेवून दाखवा. किती रात्री झोप मोडते, कोणत्या कुशीवर दुखते, किती पायऱ्या चढवतात, कोणत्या गोळ्या-पुड्या घेता हे सांगा. मिश्री, तंबाखू, दारूही लपवू नका. जमिनीवरून उठताना मांड्यांत बळच राहत नसेल तर तेही सांगा, ड जीवनसत्त्व कमी असू शकते.

सांधा फारच झिजला असेल, रात्रीची झोप आणि चालणे दोन्ही गेले असेल, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा उपाय आहे. खर्चाच्या भीतीने नाव टाकू नका. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी आधारवरून ‘वय वंदना’ कार्ड निघते. त्याहून कमी वयाच्यांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि ती कोणत्या रुग्णालयात होते, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

घरच्यांसाठी दोन शब्द

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्षू आपल्याच घाणीत पडून होता, कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी भिक्षूंना समजावले की इथे तुमची आई नाही, वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली पाहिजे.

आपल्या घरात तर आई आहे, वडील आहेत. आज रात्री त्यांना एवढेच विचारा, “आये, खुबा दुखतो का? कुठे दुखतो, हात ठेवून दाखव.” मग एक जाड उशी शिवून द्या, चटईखाली गोधडी घाला, संडासाच्या वाटेवर दिवा लावा. मुंबईला असाल तर फोनवर विचारा आणि पुढच्या खेपेला येताना रबरी बुचाची काठी घेऊन या. आणि आजी-आजोबांनो, तुम्हीही ‘काय नाय’ म्हणू नका. दुखते असे सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!